बापाची टाच

बापाचे बूट चोरले तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. या वयात माणसं पोरांचे शाळेचे बूट शोधत घरभर फिरतात. हा दारामागे उकिडवा बसून बापाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होता आणि बँक फोडायला निघाल्यासारखी त्याची छाती धडधडत होती.

बूट साधे नव्हते. फोर्जिंगच्या कारखान्यातले, पुढे पोलादी टोपी, टाचेला लोखंडी नाल. अप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, कारखाना पाडून तिथे गाड्यांचं शोरूम उभं राहिलं होतं, पण बूट रोज पॉलिश होऊन दाराशी हजर. ते चढवून अप्पा कोपऱ्यावर पेपर आणायला जात, ते असे, की जणू तिथे कारखान्यातला लोखंड ठोकणारा हॅमर त्यांची वाट बघत उभा आहे. त्या बुटांना हात लावायचा नाही हा घरातला पहिला कायदा. लहानपणी एकदा त्याने ते पायात घालून खोलीभर फेरी मारली होती. त्याबद्दल जी थप्पड बसली तिची शिट्टी कानात पुढे कितीतरी वेळ वाजत होती. घरातले बाकीचे कायदे त्याने नंतर एकेक करून मोडले. अप्पांना न विचारता लग्न केलं, न विचारता नोकरी सोडली. बुटांचा कायदा मात्र शाबूत होता.

त्याला सगळे खुडबुड्या म्हणायचे. नाव अप्पांनीच ठेवलेलं, आणि ते काही लाडाने नाही. पोरगं सतत काहीतरी वाजवत बसायचं, चमचे, डबे, दाराची कडी. त्याच खुडबुडीवर आता त्याचं पोट चालत होतं. सिनेमातली माणसं चालतात, दारं आपटतात, कपबशा ठेवतात, त्यांचे आवाज शूटिंगच्या वेळी धड येत नाहीत. ते मागाहून एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत कोणीतरी काढावे लागतात. तो कोणीतरी म्हणजे हा. नटी जिना उतरली की उंच टाचांचे बूट घालून फळीवर हा चालणार. कोणाचं हाड मोडलं की हा गाजर मोडणार. त्याच्या खोलीत एका भिंतीशी बुटांचा हा ढीग पडलेला: नर्तकाचे, शिपायाचे, म्हाताऱ्याचे, शाळकरी पोराचे.

आणि स्वतः? स्वतः तो कापडी तळव्याचे बूट घालून मांजरासारखा चालायचा. कामाची सवय, असं सांगायचा. सवय घरची होती. शिफ्ट करून झोपलेल्या बापाच्या घरात पोरं कशी चालतात ते त्या पोरांनाच ठाऊक.

अप्पांनी त्याचं काम पाहिलं नव्हतं, आणि ऐकायचा तर प्रश्नच नव्हता. हॅमरने त्यांचे कान कधीच खाऊन टाकले होते. सुनेने खटपट करून कानातलं मशीन आणलं, ते टेबलाच्या खणात पडून होतं. ऐकण्यासारखं बोलतं कोण, असं अप्पांचं म्हणणं. कोणी मुलाबद्दल विचारलं की सांगायचे, पाय आपटायचा पगार घेतो. वर हसायचे. समोरचाही हसायचा. खुडबुड्या तिथेच उभा असला तर तोही हसायचा, आणि त्याचा राग त्याला नंतर अंघोळ करताना यायचा.

आता एक सिनेमा हातात आला होता आणि नेमका बाप-लेकाचा. आधी हसवायचं आणि शेवटी रडवायचं, या जातीचा. त्यातला म्हातारा मुलाचं ठरलेलं लग्न मोडतो, त्याच्या साहेबाला फोन करून हा कुठल्या वयापर्यंत अंथरूण ओलं करायचा ते सांगतो, शेजाऱ्याची सायकल परस्पर विकतो. लोक पोट धरधरून हसणार. दुसऱ्याचा बाप असला की हसू येतंच.

या सिनेमावर खुडबुड्याचं बरंच अवलंबून होतं. स्टुडिओच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, कॉम्प्युटरमध्ये हजारो पावलं तयार पडली आहेत, बटण दाबलं की माणूस चालतो. मग तुझी खोली, तुझ्या फळ्या, तुझा तो बुटांचा उकिरडा कशाला पोसायचा? हा सिनेमा तुझ्या पायांवर नीट गेला तर खोली राहील. नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकू.

म्हणून त्याने बूट उचलले. पडद्यावरच्या म्हाताऱ्याला हेच बूट पाहिजेत, हे त्याला पहिलं दृश्य बघतानाच कळलं होतं.

दुपारपर्यंत काम असं झालं की काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसणारी बाईसुद्धा, जिला सगळे काचेवाली म्हणत आणि जिच्या तोंडून वर्षातून एकदा 'बरं आहे' निघायचं, दोनदा मान हलवून गेली. धप्प, सर्र. धप्प, सर्र. उजवी टाच आपटते, डावा पाय घासत येतो. अप्पांच्या डाव्या पायावर एकदा लोखंडाचा तुकडा पडला होता. पोलादी टोपीने बोटं वाचवली, चाल नाही वाचवली. ती चाल खुडबुड्याला शिकावी लागली नाही. जिन्यावर ती ऐकू आली की लहानपणी तो पुस्तक उघडून बसायचा.

मग मधली दृश्यं मागे ठेवून शेवटचं दृश्य घेतलं. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला मुलाच्या ऑफिसचं दार. म्हातारा एकटा चालत येतो, दार ढकलतो आणि म्हणतो, माझं चुकलं. झालं, सिनेमा संपला. खुडबुड्या चालला. धप्प, सर्र, थेट दारापर्यंत.

दिग्दर्शक बाहेर आला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला. हा माणूस इतका गोड बोलायचा की पाठीमागे त्याचं नाव गोडबोल्या पडलं होतं. कोणाच्या हातचं काम काढून घ्यायचं असलं तरी त्याचा हात आधी खांद्यावर यायचा. तो म्हणाला, सुंदर, अप्रतिम, फक्त जरा हळुवार कर. तो बदललाय ना आता. प्रत्येक पावलागणिक विरघळत जाऊ दे. पश्चात्ताप पायात उतरला पाहिजे.

खुडबुड्या आजवर कोणाला नाही म्हणाला नव्हता. पाऊस जास्त कर, करतो. थप्पड मोठी कर, करतो. पण 'विरघळत' हा शब्द त्याच्या डोक्यात गेला. त्या बुटांत पाय होते म्हणूनही असेल. ही असली पटकथा लिहिणाऱ्यांना बाप नव्हते की काय? उभा जन्म पोराला खाऊन काढायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन शब्द टाकायचे, की लोक डोळे पुसत घरी जायला मोकळे. बापाला माफी स्वस्तात मिळते, आणि ज्याने द्यायची त्याला कोणी विचारतही नाही की बाबा, तुला परवडतं का?

"तोंडाने तो वाट्टेल ते म्हणू दे," तो म्हणाला. "टाच नाही म्हणणार."

गोडबोल्याला वाटलं हा गंमत करतोय. गंमत नाही हे कळल्यावर त्याने कॉम्प्युटरमधल्या पावलांची आठवण अगदी मायेने करून दिली. एकदा करून तर बघ, म्हणाला. खुडबुड्याने मान हलवली आणि फळीवर जाऊन उभा राहिला. बाहेर लाल दिवा लागला. पडद्यावर म्हातारा चालायला लागला आणि खुडबुड्या पुन्हा तसाच चालला, उलट जरा जास्तच आपटून.

म्हातारा अर्ध्या कॉरिडॉरमध्ये असताना खोलीचं जाड दार धाडकन उघडलं.

"बूट कुठायत माझे?"

बहिऱ्या माणसाच्या बोलण्याला वरची मर्यादा नसते. काचेवालीने कानांवरचे हेडफोन उपटून काढले. दारात अप्पा उभे होते, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात सुनेच्या गुलाबी स्लिपर. घडलं ते असं. सकाळी दाराशी जागा रिकामी दिसल्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सुनेने भाजी चिरता चिरता ओरडून सांगितलं, बूट कामावर गेलेत, तुमच्यासारखे घरी नाही बसले. वर पत्ता कागदावर लिहून दिला, बसमध्येही बसवून दिलं. तिचाही त्यांच्याशी बराच हिशोब बाकी होता.

अप्पांची नजर मुलाच्या पायांवर आली. मग हळूहळू वर चढली.

"काढ."

खुडबुड्याच्या कानात ती जुनी शिट्टी वाजली. हात नाड्यांकडे निघालेसुद्धा होते. ते त्याने मध्येच थांबवले आणि पाठीमागे बांधले.

गोडबोल्या मात्र खूश होऊन गेला. वा, अस्सल माणूस घरचाच निघाला की, यांनाच चालवू. त्याने अप्पांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि शेवटचं दृश्य लावलं. अप्पांनी ते डोळे बारीक करून पाहिलं. म्हातारा चालला, दार ढकललं, ओठ हलले.

काय म्हणतोय तो, अप्पांनी विचारलं.

सांगायचं काम अर्थातच मुलावर आलं. "तो म्हणतोय, माझं चुकलं," खुडबुड्या ओरडला. हे दोन शब्द आयुष्यभर घरात त्यानेच म्हटले होते. आता दुसऱ्याच्या वतीने ओरडून म्हणायचीही पाळी त्याच्यावरच.

"कोणाला? पोराला?" अप्पांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो शिफ्ट सोडून पळालाय. "एवढ्यासाठी एवढं चालत आला? मी नसतो आलो."

"माहीत आहे."

अप्पा मुलाकडे न बघता, पडद्याकडे बघत म्हणाले, "तुला पाहिजे होतं का असलं काही?"

असली गोष्ट माणूस पुटपुटतो. पण बहिऱ्या बापाला काही पुटपुटून सांगता येत नाही. जे काय असेल ते गळा फाडून, चारचौघांत, माईक चालू असताना सांगावं लागतं. "लहान होतो तेव्हा पाहिजे होतं," खुडबुड्या ओरडला. "आता नको. आता दिलंत तरी ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

गोडबोल्याने छताकडे बघितलं. काचेवालीने काहीच बंद केलं नाही.

"मग बूट कशाला नेलेस?"

"कामाला."

"विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो," अप्पा म्हणाले. या एका गोष्टीवर तरी दोघांचं एकमत झालं.

गोडबोल्याने मग विनवण्या करून अप्पांना फळीवर उभं केलं. बूट एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात गेले. पडद्यावरच्या म्हाताऱ्याबरोबर चाला, एवढंच करायचं होतं. अप्पा निघाले. पडद्यावरचा म्हातारा कॉरिडॉरच्या मध्यावर असताना हे फळी संपवून बुटांच्या ढिगात शिरले. पुन्हा करायला लावलं तर म्हणाले, मी कोणाच्या मागे चालत नाही. तिसऱ्या वेळी पडद्यावरचा म्हातारा दाराशी थांबला आणि अप्पा थांबलेच नाहीत, कारण थांबायचं कारण त्यांना दिसलं नाही. आवाज शंभर नंबरी खरा आणि कामाच्या दृष्टीने टाकाऊ.

"मला द्या," खुडबुड्या म्हणाला, आणि अप्पांनी, काय मनात आलं कोण जाणे, बूट काढून दिले.

तो फळीवर चढला. अप्पा खाली वाकले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी उजव्या हाताचा पंजा फळीच्या कडेवर ठेवला. हॅमरच्या खात्यात कानाचा उपयोग कोणालाच नव्हता. मशीन बरं आहे की बिघडलंय, ते तिथली माणसं पंजा टेकवून सांगायची. अप्पा तिथले जुने खोड. त्यांचा पंजा खोटं धरायचा नाही, असं त्यांच्याबरोबरची माणसं म्हणत.

खुडबुड्या चालला. धप्प, सर्र. पडद्यावरच्या पावलावर पाऊल. दाराशी थांबला.

"डावा हलका पडतोय," अप्पा म्हणाले. "लोखंड पडलं होतं त्याच्यावर. फूल नाही."

पुन्हा चालला. या वेळी डाव्या पायाचं ओझं कमरेपासून ओढत आणलं. अप्पांनी पंजा उचलला नाही. शेवटचं पाऊल पडल्यावर म्हणाले, "हां."

एवढंच. चाळीस वर्षांत पोराला मिळालेलं पहिलं सर्टिफिकेट, तेही एका अक्षराचं.

गोडबोल्याचा हात पुन्हा खांद्यावर आला. आता तर जमलंच आहे, फक्त एकदा हळुवार. अप्पांनी मुलाला विचारलं, हा काय म्हणतोय. हळू चाल म्हणतोय, मुलाने सांगितलं. अप्पांनी गोडबोल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"का? कोणी झोपलंय?"

काचेवाली हसली ते काचेतून दिसलं, ऐकू आलं नाही. खुडबुड्याने खांद्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला, एखादा कप उचलून ठेवावा तसा. म्हणाला, हेच जाईल. दुसरं काही लावायचं असेल तर माझं नाव काढून टाका, सगळ्या सिनेमावरून. गोडबोल्या म्हणाला, बघू या ना. त्याच्या तोंडचा 'बघू या' म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"चल, दे आता," अप्पांनी हात पुढे केला.

"नाही. मधली दृश्यं राहिलीत. संपेपर्यंत इथेच राहतील."

"माझे आहेत."

"तुमचेच आहेत. पण इथेच राहतील."

बापाने लेकाकडे पाहिलं. लेकाने नजर खाली घातली नाही. ओले डोळे, गळामिठी, असलं काही झालं नाही. अप्पांनी गुलाबी स्लिपरकडे बघितलं, त्या घालून परत जायला ते तयार नव्हते. ढिगात हात घातला, मापाचा म्हणून जो जोड सापडला तो पायात चढवला आणि बसस्टॉपकडे चालू लागले. तो नर्तकाचा होता, सोनेरी, पुढे टोकदार. बसमध्ये कोणी हसण्याची हिंमत केली नाही म्हणे.

काम संपलं तेव्हा बूट परत दाराशी आले. अप्पांनी ते उलटे करून तळ पाहिला आणि नाल झिजवलीस म्हणाले. सोनेरी जोड तोवर पेपरच्या फेरीला रुळला होता.

पुढे व्हायचं तेच झालं. काचेवालीने फोन करून सांगितलं, मधली सगळी दृश्यं तुझी ठेवली, शेवटच्यात कॉम्प्युटर घातला. खुडबुड्या गेला आणि सिनेमाच्या नावांच्या पाटीवरून स्वतःचं नाव काढून घेऊन आला. मालकाने खोलीही काढून घेतली. बुटांचा ढीग पोत्यांत भरून घरी आला आणि पलंगाखाली गेला. बायको म्हणाली, एका चालण्यापायी एवढं? तो म्हणाला, हो, एका चालण्यापायी. मग तीही पोती आत सरकवायला वाकली.

पहिल्या खेळाचं आमंत्रण मात्र आलं, गोडबोल्याच्या गोड अक्षरात. खुडबुड्या जायचं नाही म्हणत होता. अप्पा म्हणाले, माझे बूट आहेत त्यात, मी जाणार.

थिएटर जुनं होतं, लाकडी जमिनीचं. अप्पांनी खुर्चीत बसल्या बसल्या नाल लावलेला एक बूट आणि मोजा काढला, उघडा तळवा जमिनीला लावला आणि तयार झाले. पडद्यावरचा म्हातारा चालला की मोठमोठ्या भोंग्यांतून टाच जमिनीत उतरायची, आणि अप्पा सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणायचे, "हां." लोक शूऽऽ करायचे, ते कोणाला ऐकू जाणार? लोक हसत होते, सायकल विकली गेली, लग्न मोडलं, अप्पांचं हां चालू होतं. खुडबुड्या खुर्चीत खाली खाली सरकत होता.

मग कॉरिडॉर आला. थिएटर चिडीचूप. पर्सांमधून रुमाल निघाले. पडद्यावर म्हातारा चालायला लागला आणि भोंग्यांतून कापसावर कापूस पडावा तशी पावलं आली. हळुवार. विरघळत.

अप्पांनी तळवा जमिनीवर दाबला. थोडा सरकवून पुन्हा दाबला.

"थांबला का रे हा?"

"चालतोय," खुडबुड्या कुजबुजला, मग हाताने दाखवलं.

"मग येत का नाही?" त्या शांततेत अप्पांचा आवाज गच्चीवरून टाकी पडावी तसा पडला. "हे तुझं नाही."

शेकडो डोकी मागे वळली. पुढच्या रांगेत गोडबोल्याची मान ताठ झाली. खुडबुड्याला वाटलं जमिनीने गिळावं. मग वाटलं, का म्हणून गिळावं? त्याने पोटापासून आवाज काढला. "नाही," तो ओरडला. "माझं नाही हे."

"मग आपण कशाला बसलोय?"

अप्पांनी मोजा चढवला. बूट चढवला. नाडी बांधली, सावकाश, दोन गाठींची. पडद्यावरचा म्हातारा अजून विरघळतच होता. मग ते उठले आणि मधल्या वाटेने दाराकडे निघाले. धप्प, सर्र. धप्प, सर्र. लाकडी जमीन त्या खुर्च्यांखालून, त्या रुमालवाल्यांच्या पायांखालून बोलायला लागली. पडद्यावर म्हाताऱ्याने दार ढकललं आणि तो काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते कोणालाच ऐकू गेलं नाही. सगळे चालणाऱ्याकडे बघत होते.

खुडबुड्या उठला. पायात तेच कापडी तळव्याचे बूट. मांजरासारखा सटकता आला असता, अंधार होता. त्याने उजवी टाच उचलली आणि जमिनीवर हाणली. मग डावी. लोखंड नव्हतं, नाल नव्हती, आवाज काही फार मोठा नव्हता. पण घासत नव्हता, दोन्ही पाय सरळ पडत होते. स्वतःच्या पावलांचा तो आवाज त्यालाच नवा होता.

पुढे चालणाऱ्या अप्पांच्या पायाखाली ते धक्के पोचले असावेत. मागे न वळता ते म्हणाले, "हां."

"तुम्हाला विचारलं नाही मी," खुडबुड्या ओरडला, आणि आणखी जोरात चालला.